छेदात कोण?

पिंपरी-चिंचवडच्या रहाटणीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर दोन वह्या असतात. एक येणाऱ्या-जाणाऱ्यांची आणि दुसरी टँकरची. टँकरच्या वहीत तारीख, गाडीचा नंबर, आल्याची वेळ, टँकर दहा हजार लिटरचा की मोठा, आणि शेवटी ड्रायव्हरची सही असते. महिनाअखेरीला सेक्रेटरी ती वही बघून टँकरवाल्याचं बिल चुकतं करतात. वही भरली की रद्दीत जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून निगडीला सेक्टर २३ मधल्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग टाक्यांमधून घराघरांत पोचतं. या सगळ्या वाटेवर महापालिकेच्या दप्तरात त्याची मोजदाद होते. नळाचं पाणी कमी पडून टँकर सुरू झाला, की पुढचा हिशेब फक्त त्या दुसऱ्या वहीत उरतो.

आता संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सहाव्या ध्येयाचा पहिलाच निर्देशक पाहा. पिण्याच्या पाण्याची सुरक्षित सेवा किती टक्के लोकांना मिळते, असा तो आहे. 'सुरक्षित' म्हणण्यासाठी जागतिक पातळीवर तीन अटी ठरल्या आहेत: पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं आणि दूषित नसावं. भारताच्या राष्ट्रीय आराखड्यात या निर्देशकाचा भर घरात नळाने येणाऱ्या पाण्यावर आला. आणि २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत प्रश्न होता तो पिण्याच्या पाण्याच्या मुख्य स्रोताचा. त्यात नळ, विहीर, हातपंप, कूपनलिका, नदी, तलाव असे पर्याय होते. टँकरला स्वतंत्र रकाना नव्हता. रहाटणीतलं कुटुंब या प्रश्नाला 'नळ' असं उत्तर देतं आणि ते खरंच असतं. नळ घरात आहे, पाणी शुद्ध केलेलं आहे. फक्त ते आज आलं तर उद्या येत नाही, आणि मार्च उजाडला की सोसायटीच्या मासिक वर्गणीत टँकरचा खर्च वाढतो. न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या निर्देशकात 'लागेल तेव्हा' ही अट होती. ती रहाटणीत येईपर्यंत गळून पडली. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं नाही. प्रत्येक पायरीवर जे मोजता येण्यासारखं होतं तेवढंच मोजलं गेलं.

जागतिक निर्देशक प्रादेशिक सांख्यिकीत उतरताना त्यांचं काय होतं आणि काय व्हायला हवं, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनात आज याच्याइतके निकडीचे विषय कमी आहेत. पैसा, योजना, शाळेची तुकडी, दवाखान्यातली पदं हे सगळं अखेर कुठल्या तरी तक्त्यातल्या आकड्यावर ठरतं. तो आकडा कुठून आला हे विचारणारी माणसं थोडी असतात.

आधी थोडक्यात इतिहास. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी २०३० पर्यंतचा कार्यक्रम स्वीकारला: १७ ध्येयं, १६९ लक्ष्यं. लक्ष्यं ठरली तरी ती मोजायची कशी, यावर एकमत व्हायला वेळ लागला. निर्देशकांच्या जागतिक आराखड्याला आमसभेची मान्यता जुलै २०१७ मध्ये मिळाली, आणि तेव्हाही त्यातले अनेक निर्देशक असे होते की त्यांची पद्धतच तयार नव्हती. भारताने सांख्यिकी मंत्रालयामार्फत २९ जून २०१८ ला, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जन्मदिनी, ३०६ निर्देशकांचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून नीती आयोग राज्यांची क्रमवारी लावू लागला. महाराष्ट्रात ही जबाबदारी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे आली. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि जिल्ह्याजिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढणारं हेच खातं. पुढे राज्याचे, मग जिल्ह्याचे निर्देशक ठरले. शहरांमध्ये भोपाळने २०२३ मध्ये स्वतःचा आढावा स्वतः लिहून प्रसिद्ध केला; देशातला तो असा पहिला प्रयत्न.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही सगळी परदेशातून आलेली मोजपट्टी आहे आणि आपलं काम तिच्यावर सेंटिमीटरऐवजी आपली खूण करण्याचं आहे. महाराष्ट्राचा अनुभव वेगळं सांगतो. मोजायचं काय आणि कशाच्या तुलनेत, यावर या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत, आणि ते जगाच्या तोडीचे होते.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी केली. घर, कमाई, कर्ज, खोलीत किती माणसं, हे सगळं दारोदार जाऊन विचारलं गेलं. १९७१ मध्ये त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा, आणि १९६०-६१ च्या किमतींनी तो खेड्यात वर्षाला १८० रुपये, शहरात २७० रुपये. या हिशेबाला सर्वांत मूलभूत आक्षेप घेतला तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केलं आणि मग ते पुण्यात येऊन राहिले. त्यांचं म्हणणं असं, की एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेतं; म्हणून सरासरी गरज हीच कमीत कमी गरज धरली, तर कुपोषित नसलेली कितीतरी माणसंही कुपोषितांत मोजली जातात. दांडेकरांना ते पटलं नाही. वाद अनेक वर्षं चालला. दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या वादातून हाती लागणारी गोष्ट ही, की आकडा एका माणसाच्या आयुष्यातल्या चढउतारांशी जुळतो का, हे विचारणं म्हणजेच सांख्यिकी.

याहूनही जवळचं उदाहरण अनुशेषाचं. प्रादेशिक असमतोलाच्या प्रश्नावर नेमलेल्या, याच वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने मोजलं आणि ते रुपयांत मांडलं: एकूण ३,१८६ कोटी ७८ लाख. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के आणि उरलेला उर्वरित महाराष्ट्राचा. सिंचनाचा अनुशेष काढताना नुसते हेक्टर मोजून भागत नाही, कारण उसाच्या एका हेक्टराला लागणारं पाणी आणि ज्वारीच्या हेक्टराला लागणारं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून सगळी पिकं रब्बीच्या पिकाशी समतुल्य करून मोजण्याची पद्धत आली. जागतिक परिषदांमध्ये आज ज्याला निर्देशकाचं स्थानिकीकरण म्हणतात, ते याहून वेगळं काही नाही. नंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली, २०११ मध्ये विजय केळकर समिती नेमली गेली, आणि तिने जिल्ह्याच्या खाली उतरून तालुका हा एकक धरला. सरासरी हा निकष ठेवायचा का, एकक कोणता, माणशी मोजायचं की क्षेत्रफळामागे, या प्रत्येक निर्णयाने शेकडो कोटी रुपये इकडचे तिकडे झाले. विधिमंडळात त्यावर भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

या परंपरेतला एक धडा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला जसाच्या तसा लागू पडतो, आणि मला या प्रस्तावनेत मुख्यतः तोच सांगायचा आहे. विकासाचा जवळजवळ प्रत्येक निर्देशक हा अपूर्णांक असतो. त्याला अंश असतो आणि छेद असतो. चर्चा होते ती अंशाची: किती नळ, किती लसी, किती शाळा, किती अपघात. छेद मुकाट्याने खाली बसलेला असतो. आणि आपल्या पट्ट्यात बिघाड आहे तो छेदात.

२००१ मध्ये पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख १२ हजार होती. २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत सत्तर टक्के वाढ. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. आज शहरात पंचवीस लाख लोक आहेत की तीस लाख, दोन्ही आकडे सर्रास बोलले जातात. समजा शहराला रोज ६०० दशलक्ष लिटर पाणी दिलं. २०११ च्या छेदाने भागलं तर दरडोई ३४७ लिटर येतं, पंचवीस लाखांनी भागलं तर २४०, तीस लाखांनी भागलं तर २००. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा प्रचलित निकष दरडोई १३५ लिटरचा. म्हणजे कुठलाही छेद घ्या, शहर कागदावर उत्तीर्ण होतं. तरी रहाटणीच्या कोकणे चौकाच्या आसपास टँकर उभे दिसतात. गळती किती, उंचावरच्या भागात दाब किती, जुन्या गावठाणातल्या नळाला किती तास पाणी आणि नव्या बारा मजली इमारतीला किती, हे सरासरीत दिसत नाही. छेद दुरुस्त करणं ही पहिली पायरी झाली. एकच छेद साऱ्या शहराला पुरत नाही, हे मान्य करणं ही दुसरी.

छेद चुकला की अंशही खोटा वाटू लागतो. लसीकरणात याचा अनुभव आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारावा. माणसं जिथे येत राहतात, तिथे जुन्या लोकसंख्येच्या अंदाजावर काढलेली टक्केवारी शंभराच्या पुढे जाते; जिथून माणसं निघून येतात, त्या बीड-धाराशिवकडच्या गावांत आरोग्यसेविकेने कितीही पायपीट केली तरी उद्दिष्ट पूर्ण होत नाही. दोन्हीकडे काम नीट झालेलं असतं. एकीला शाबासकी मिळते, दुसरीला नोटीस. पल्स पोलिओच्या कामात यावर उपाय शोधला गेला आणि तो अगदी साधा होता. लोकसंख्येच्या अंदाजावर विसंबणं सोडून घरन्‌घर पाहायचं आणि दाराशेजारी खडूने खूण करायची: सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', एखादं मूल राहिलं असेल किंवा दाराला कुलूप असेल तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं. बांधकामाच्या साइट, वीटभट्ट्या, पालं यांची वेगळी यादी करायची आणि एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनवर वेगळी पथकं उभी करायची. २७ मार्च २०१४ ला भारत ज्या विभागात येतो तो दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे लसीइतकाच या खडूच्या खुणांचा हात आहे. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये डोअर स्टेप स्कूल या संस्थेने २०११ पासून शाळाबाह्य मुलांसाठी हीच वाट धरली. नागरिकांना सोबत घेऊन बांधकामाच्या साइटवरची मुलं शोधायची, त्यांची यादी करायची आणि त्यांना जवळच्या शाळेत घालायचं. शाळेच्या पटावरून गळती मोजणारी सरकारी पद्धत जे मूल पटावर कधी आलंच नाही ते कसं मोजणार? छेद शाळेबाहेर शोधावा लागतो.

चाकणला गेलं की हा प्रश्न आणखी अवघड होतो. एके काळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथे एमआयडीसीचे टप्पे आले. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आले. त्यांच्यामागे शेकडो व्हेंडर आले. चाकणला नगरपरिषद झाली. पण म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे इथे कारभार ग्रामपंचायतीचा. तिथल्या शेतकऱ्यांनी जमीन दिल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी बांधल्या. एका चाळीत वीस खोल्या, एका खोलीत पाच-सहा पोरं, कुणी लातूरचं, कुणी यवतमाळचं, कुणी बिहारचं. पंचायत राज मंत्रालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये देशभरातल्या ग्रामपंचायतींचा प्रगती निर्देशांक पहिल्यांदा जाहीर केला. शाश्वत विकासाच्या ध्येयांची नऊ सूत्रांत मांडणी करून गावागावाला गुण दिले गेले. कल्पना चांगली आहे, आणि आंबेगाव किंवा वेल्ह्याच्या एखाद्या गावाला ती उपयोगीही पडेल. खराबवाडीसारख्या गावात मात्र गावच्या नोंदीतली माणसं आणि गावात रात्री झोपणारी माणसं यांच्यात कित्येक पटींचा फरक असतो. त्या गावाच्या गटारावर, कचऱ्यावर, उपकेंद्रातल्या एकट्या आरोग्यसेविकेवर भार पडतो तो झोपणाऱ्यांचा.

दुसरीकडे, ज्या मुलाला गावाच्या छेदात जागा नाही त्याच्या श्रमाला जिल्ह्याच्या उत्पन्नात जागा आहे. जिल्हा उत्पन्नाचे अंदाज जिथे उत्पादन होतं तिथल्या जिल्ह्याच्या नावे धरले जातात. चाकणच्या असेंब्ली लाइनवरून गाडी बाहेर पडली की तिचं मूल्य पुणे जिल्ह्याच्या खाती जमा होतं. त्यातला पगाराचा हिस्सा महिन्याच्या दहा तारखेला अहमदपूरला किंवा दरभंग्याला जातो. रेशन कार्ड तिकडे, मतदान तिकडे, आईचं औषधपाणी तिकडे. मग दरडोई उत्पन्नात पुणे जिल्हा वर का आणि लातूर खाली का, हे सांगताना आपण एकाच माणसाच्या मेहनतीचा अंश इथे ठेवतो आणि छेद तिथे. खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या पायथ्याची महादेव कोळ्यांची गावं, मधल्या पट्ट्यात भामा-आसखेड आणि चासकमान धरणांत गेलेल्या जमिनी, आणि पूर्वेला चाकणचे कारखाने. तालुका एकच. तालुक्याचा आकडाही इथे अपुरा पडतो. केळकर समितीच्या एक पायरी खाली आता आपल्याला उतरायला हवं.

कामगारांच्या सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या पट्ट्याचं नाव देशभर ज्या कामामुळे झालं त्या कामाची किंमत इथेच मोजली जाते. आठव्या ध्येयात एक निर्देशक आहे: दर एक लाख कामगारांमागे कामावरचे किती अपघात, जीवघेणे आणि इतर, आणि तेही स्त्री-पुरुष व स्थलांतरित-स्थानिक असे वेगळे. अंशाची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, तीही आस्थापना कारखाना म्हणून नोंदलेली असेल तर. छेद घ्यायचा तो नोंदलेल्या कामगारांचा. भोसरीच्या किंवा चिखलीच्या गल्लीतलं आठ-दहा जणांचं प्रेस शॉप यातल्या कशातच सहसा बसत नाही. पॉवर प्रेसवर बोट गेलेला मुलगा 'ट्रेनी' असेल, किंवा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असेल, किंवा कुठल्याच पटावर नसेल, तर तो अंशातही येत नाही आणि छेदातही नाही. अपूर्णांक मात्र टापटीप राहतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली आणि अनेक कामगार स्त्रिया गेल्या. ती शेड आवश्यक परवान्यांशिवाय चालत होती, हे घटनेनंतर पुढे आलं. आदल्या दिवशीपर्यंत त्या बायका कामगारांच्या कुठल्या तक्त्यात होत्या, हा प्रश्न सांख्यिकीवाल्यांनी स्वतःला विचारायला हवा. माझं मत स्पष्ट आहे: इथल्या अपघाताच्या निर्देशकाचा अंश कारखान्याच्या फाटकापाशी मोजून चालणार नाही. तो यशवंतराव चव्हाण स्मारक रुग्णालयाच्या अपघात विभागात, ईएसआयच्या दवाखान्यात आणि चाकणच्या हाडांच्या डॉक्टरांकडे मोजावा लागेल. जखम कुठे झाली, एवढा एक प्रश्न केसपेपरवर वाढवला तरी चित्र बदलेल.

नोंद नसलेल्या कामाचं आणखी एक उदाहरण कुदळवाडीचं. बाराव्या ध्येयात पुनर्वापराचा दर मोजायचा आहे, टनांमध्ये. कारखान्यांचं भंगार, प्लास्टिक, पुठ्ठा, लाकडी पॅलेट यांची वर्गवारी करून तो माल पुन्हा कामाला लावणारी पट्ट्यातली मोठी जागा म्हणजे चिखली-कुदळवाडीची भंगार गोदामं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती महापालिकेने पाडली. प्रदूषणाच्या आणि वारंवार लागणाऱ्या आगींच्या तक्रारी खऱ्या होत्या. तिथून रोज किती टन माल फिरत होता, याची शहराकडे भरवशाची मोजदाद नव्हती हेही खरं. जे मोजलं नाही ते पाडताना किती गमावलं हेही कळत नाही. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने याच्या उलट केलं. कचरावेचक रोज किती माल उचलतात आणि त्यामुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब काढायला लावला. विमा मागताना तो हिशेब त्यांच्या हातात होता.

मग छेद आणायचा कुठून? सामग्री तुकड्यातुकड्यांत आहे. मिळकतकराची नोंद आहे, पण वीस खोल्यांची चाळ तिथे एकच मिळकत असते. वीजमीटर आहेत, पण चाळीला कधी एकच मीटर असतो आणि मालक माणशी पैसे घेतो. आशाताईंच्या वह्या आहेत. बचत गटांच्या बायका मिळकतकराची बिलं वाटायला दारोदार गेल्या आहेत आणि कुठल्या जिन्याखाली कुटुंब राहतं हे त्यांना ठाऊक आहे. अडचण अशी, की या प्रत्येक नोंदीचा नकाशा वेगळा. निवडणुकीचे प्रभाग बत्तीस. क्षेत्रीय कार्यालयं 'अ' ते 'ह' अशी आठ. पाण्याचे विभाग टाक्यांप्रमाणे, आरोग्याचे दवाखान्यांप्रमाणे, शाळांचे केंद्रांप्रमाणे. पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र, पण त्याची हद्द चाकण-तळेगावपर्यंत. महसुली दप्तरात शहराचा बराच भाग अजून हवेली तालुक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आकडे देते ते जिल्ह्याचे, म्हणजे २०११ मध्येच ९४ लाख माणसं असलेल्या पुणे जिल्ह्याचे, ज्यात वेल्हे आणि वाकड एकाच सरासरीत असतात. जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ एकक झाला, ही मोठी सुधारणा आहे. राज्य सरकारं आपल्या वतीने त्याच पद्धतीचा जोडनमुना घेतात. केंद्राचा आणि राज्याचा नमुना एकत्र करून जिल्ह्याचे अंदाज काढण्याचं काम अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने नेटाने केलं, तर पुण्यासारख्या जिल्ह्यात शहरी-ग्रामीण वेगळे आकडेही हाताशी येतील. त्याला माणसं लागतात. अन्वेषक आणि सांख्यिकी सहायक ही पदं भरावी लागतात. निर्देशकांच्या चर्चासत्रांवर होणाऱ्या खर्चाचा थोडा भाग या पदांकडे वळला तर आकडे आपोआप सुधारतील, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एका गोष्टीची काळजी घ्यावी लागेल. मोजणीला लोक घाबरतात. सर्व्हे झाला की पाठोपाठ नोटीस येते, असा अनुभव असलेल्या वस्तीत दार अर्धंच उघडतं. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेत दिलेली माहिती गोपनीय असते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. हे संरक्षण रहाटणीच्या नखाते वस्तीतल्या भाडेकरूला कुणी सांगत नाही. महापालिकेने स्वतःसाठी काही मोजायचं ठरवलं, तर आधी असाच शब्द द्यावा आणि तो पाळावा. सगळ्या नोंदी एकमेकांना जोडून प्रत्येक माणसाचा पाठलाग करणारी यंत्रणा उभी करण्याच्या मी विरोधात आहे. निर्देशकाला नाव लागत नाही.

पुढच्या पानांमधली काही प्रकरणं तांत्रिक आहेत. त्यातली सूत्रं वाचताना वाचकाने प्रत्येक ठिकाणी रेघेखालचा भाग आधी वाचावा, अशी माझी विनंती आहे. बसथांब्याचं उदाहरण त्यासाठी बघण्यासारखं आहे. अकराव्या ध्येयात पाचशे मीटरच्या आत बसथांबा असलेल्यांचं प्रमाण मोजतात. बीआरटीमुळे रहाटणी-काळेवाडी त्यात चांगले गुण मिळवेल. पण पहाटे काळेवाडी फाट्यावर युनिफॉर्म घालून उभी असलेली माणसं कंपनीच्या बसची वाट पाहत असतात, पीएमपीएमएलच्या शहर बसची नव्हे. कंपनीची बस नसलेला ठेकेदाराचा माणूस रात्री साडेअकराला सेकंड शिफ्ट सुटल्यावर कसा घरी येतो, हे थांब्यांच्या नकाशावरून कळणार नाही. इथे थांब्याबरोबर शिफ्ट सुटण्याच्या वेळेची बसही मोजली पाहिजे. जगाच्या यादीत ती अट नाही. आपल्या यादीत आपण ती घालू शकतो, आणि घालावी.

नवी जनगणना आता जाहीर झाली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सोळा वर्षांनी छेद मिळणार आहे, आणि पुन्हा पुढची कित्येक वर्षं तोच वापरावा लागेल. म्हणून दोन मागण्या आत्ताच केल्या पाहिजेत. पहिली, जनगणनेचे गट प्रभाग, पाण्याचे विभाग आणि दवाखान्यांची हद्द यांच्याशी जुळवून पाहण्याचं काम महापालिकेने गणना होण्यापूर्वी सुरू करावं, म्हणजे तक्ते आल्यावर वर्षं वाया जाणार नाहीत. दुसरी मागणी प्रगणकांच्या वेळापत्रकाची. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, खराबवाडीच्या खोल्यांवर सकाळी गेलं तर फर्स्ट शिफ्टची पोरं कामावर असतात आणि नाइट करून आलेली झोपलेली असतात. दुपारी चारनंतर गेलं तर निम्मी परत आलेली असतात, पण सेकंड शिफ्टची निघून गेलेली असतात. एका खोलीतले सहाही जण भेटायचे तर सुट्टीच्या वारी जावं लागेल, किंवा वेगवेगळ्या वेळी किमान दोनदा. कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारी नसते. भागाभागात वेगळी असते. तिची यादी एमआयडीसीकडे मागून घ्यावी आणि प्रगणकांच्या हातात द्यावी.